पाठमोरी

नागपुरात दीक्षा खोब्रागडेला लोक ओळखतात ते टीव्हीवरची जेलर म्हणून. चौदा वर्षांत तिनं अकरा वेळा जेलर केली, हवालदार तर किती वेळा ते तिलाही आठवत नाही. एकदा तिनं नवरी केली होती. नवरा मुलगा तिला बघतो आणि मांडवातून पळून जातो, एवढाच तो प्रसंग.

त्याआधी ती वजन उचलायची. पंचाहत्तर किलो वजनगटात राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य, महाराष्ट्रात चार वर्षं पहिली. मग मनगट निखळलं. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी आज लागेल, उद्या लागेल म्हणता म्हणता तीस वर्षांची अट ओलांडून गेली. नागपुरात शूटिंगला आलेल्या एका कंपनीला धिप्पाड हवालदारीण हवी होती, तिथून तिची ही दुसरी वाट सुरू झाली.

गेल्या वर्षी तिला गौरांग नावाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमा वजन उचलणाऱ्या मुलीवर होता आणि शूटिंग नागपुरातच, हिंगण्याच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होतं. दीक्षा फोन हातात धरूनच खुर्चीवर बसली.

"मुलीचं काम रितिका करतेय," गौरांग म्हणाला. रितिका म्हणजे त्या वेळची चलतीतली नायिका. "तुम्ही तिला शिकवायचं. आणि फायनलमध्ये तिच्याविरुद्ध हरणारी खेळाडू तुम्ही करायची. छान रोल आहे, ताई."

दीक्षानं होकार दिला. कामासाठी बाहेरगावी राहणारी ती नागपुरातल्या इंदोरा वस्तीत आईकडे राहायला आली आणि रोज सकाळी पुतणी पायलच्या स्कूटीवर हिंगण्याला जाऊ लागली.

रितिका वाईट नव्हती. मेहनत करायची, 'दीदी, दीदी' करत मागे असायची. पण चाळीस किलोला तिचे गुडघे थरथरायचे. म्हणून पोकळ, फायबरच्या प्लेटा आणल्या. कॅमेऱ्यात ते लगेच कळलं. बार वाकत नव्हता, खांद्याची शीर फुगत नव्हती.

"खऱ्या प्लेटा लावा," दीक्षा म्हणाली. "पाठमोरा शॉट घ्या. मी उचलते."

गौरांगला ते पटलं. दुपारी एक कागद आला. पडद्यावर वजन रितिकाच उचलते, याबद्दल कुठंही बोलायचं नाही, अशा अर्थाचा. दीक्षानं तो उभ्या उभ्या वाचला आणि सही केली. त्या घटकेला तिला कागदाचं काही वाटत नव्हतं. सोळा वर्षांनी बार धरायला हाताला खडूची पूड लागणार होती.

त्या शॉटच्या दिवशी तिनं मुद्दाम घाटे सरांना बोलावलं. शरच्चंद्र घाटे म्हणजे तिचे गुरू. कचेरीत कारकुनी करून संध्याकाळी व्यायामशाळेत पोरांना फुकट शिकवायचे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. धरमपेठेतून रिक्षा करून ते आले आणि कॅमेऱ्यामागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसले.

दीक्षानं रितिकाचा निळा पोशाख घातला, तिच्यासारखी वेणी घातली. बारवर सत्तर किलो होते. तिनं श्वास घेतला आणि एका झटक्यात बार डोक्यावर नेला. मनगटातून कळ गेली, पण हात सरळ राहिले. शेडमधले लाइटवाले, स्पॉटबॉय, सगळे टाळ्या वाजवू लागले. घाटे सर उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते, तिला माहीत होतं ते काय म्हणताहेत. "धर, धर, धर... सोड." गौरांगनं तो शॉट पाच वेळा घेतला. पाचही वेळा तिनं उचललं.

मग जेवणाची सुट्टी झाली. त्यानंतर तिचा स्वतःचा प्रसंग होता, चेहऱ्यासकट.

"आता पोकळ प्लेटा लावल्यात," गौरांग म्हणाला. "बार डोक्यावर न्यायचा, तोल गेल्यासारखं करायचं आणि बारसकट मागे धाडकन बसायचं. पाय वर. प्रेक्षकांना हसू आलं पाहिजे, आधी खूप ताण झालाय ना."

"खेळाडू अशी नाही पडत," दीक्षा म्हणाली.

"ताई, हा सिनेमा आहे."

ती पडली. पहिल्यांदा कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा पाय वर गेले नाहीत. तिसऱ्यांदा तिनं तोंड वेडंवाकडं केलं, पाय वर केले, आणि सगळी शेड खदखदून हसली. "ओके!" गौरांग ओरडला. दीक्षा उठून बघते तो सरांची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी ती धरमपेठेत त्यांच्या घरी गेली. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"वजन हातातून गेलं तर काय करायचं, हे मी तुला आधी शिकवलं होतं," ते म्हणाले. "उचलायला नंतर. बार मागे गेला, तर सोडून पुढे उडी मारायची. सहा महिने तेवढंच करून घेतलं."

"तसं पडलं तर लोक हसत नाहीत, सर."

"मग नाही हसले तर नाही."

"तुमची पेन्शन येते, सर," दीक्षा म्हणाली. हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. "तुम्ही शिकवलेलं सगळं केलं मी. मेडल आणलं. त्या मेडलवर मले कोणी चपराशी पण नाही केलं. पडली तर घर चालून राहिलं. मी काय करू, सांगा ना."

सरांनी पेपरचं पान उलटलं. आतून त्यांच्या सुनेनं, लतिकानं चहा आणला. दीक्षानं तो उभ्यानंच संपवला आणि ती निघाली. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. दिवाळीत तिनं फोन केला, लतिकानं उचलला. सर झोपलेत, म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

सिनेमा मार्चमध्ये लागला. आई, बायजाबाई, पंचवीस वर्षांनी थिएटरात गेली. एका बाजूला पायल, दुसऱ्या बाजूला दीक्षा. आधी दीक्षाचं पडणं आलं. सगळं थिएटर हसलं, मागच्या रांगेत कोणीतरी शिट्टी मारली. बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग रितिकाची पाळी आली. पडद्यावर निळ्या पोशाखातली रुंद पाठ, वेणी, दोन हात. बार वर गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बायजाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"हे तू हायेस," त्या म्हणाल्या.

"नाही वं आई. रितिका हाय ते."

"मले सांगतं का? ही तुही पाठ होय. या पाठीले मी तेल चोळलं."

शेजारचा माणूस वळून पाहू लागला. दीक्षाच्या डोळ्यांसमोर तो कागद आला.

"आई, गप्प बस ना. मी ते जाडी होती, पडली ते. पाहिलं ना तू?"

बायजाबाई मागे टेकल्या. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला की नाही, कोण जाणे. घरी जाताना पायलनं विचारलं, "आजी, कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलाले शिकली." एवढंच. रात्री जेवल्याही नाहीत.

रितिकाला बक्षीस मिळालं. आठ महिने सगळी वजनं स्वतः उचलली, असं तिनं मंचावरून सांगितलं. नंतर दीक्षाला तिचा मेसेज आला, जोडलेले हात आणि लाल बदाम. दीक्षानं उत्तरादाखल तसाच बदाम पाठवला.

तिच्या पडण्याचे तुकडे मात्र मोबाइलवर खूप फिरले. त्यामुळे कामं वाढली. एका विनोदी मालिकेत तिला नायकाची मावशी मिळाली, रोजचं काम, चांगला करार. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकानं सोफा दाखवला. मावशी बसते, सोफा मोडतो.

"जमेल ना, दीक्षाजी?"

"हो," ती म्हणाली. "पाय वर पाहिजेत का?"