माझ्या पोटातलं ते वाक्य

मी एक कादंबरी बोलतेय. कोवळ्या वयातल्या प्रेमाची गोष्ट आहे माझ्यात, पण मी स्वतः मात्र घाबरलेली आहे. मला तोंड आहे, पण त्यातून छापलंय तेवढंच बाहेर पडतं. वाटलं म्हणून एक शब्द मला इकडचा तिकडे करता येत नाही.

माझी लेखिका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. आत मशीन घरघरायचं, बाकावर माणसं गाल धरून कण्हायची, आणि ही बाई एक पेशंट आत गेला की मला चार ओळी पुढे न्यायची. प्रकाशकांनी वाटेला लावल्यावर तिने मला स्वतःच छापून घेतलं. मुखपृष्ठ गुलाबी हवं होतं, निघालं गाजरासारखं. "प्रेमकथा आहे ना ताई, मग रंग थोडा चढणारच," छापखानेवाला म्हणाला. तीही हसली. नाकाशी धरून माझा वास घेतला आणि मला जवळच्या वाचनालयाला भेट देऊन टाकलं.

तिथे मला पहिल्यांदा घरी नेलं शिवणकाम करणाऱ्या मावशींनी. हातातल्या अस्तराच्या तुकड्याने डोळे पुसत त्यांनी मला संपवलं. "पोरगा काय जीव टाकतो हो तिच्यावर," त्या ग्रंथपालबाईंना म्हणाल्या. मग आले निवृत्त टायपिस्ट काका. त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाने माझ्या अंगावर काटा यायचा. "गोष्ट ठीक आहे, पण वेलांट्यांचं पार वाटोळं केलंय." मला वाटलं, पुस्तकांच्या जातीत भीती म्हणतात ती हीच. पण ती काहीच नव्हती.

कारण नंतर ती आली. अकरावीतली मुलगी, बोलायला चुणचुणीत, पण वाचताना अंग चोरून बसणारी. ती माझ्यावर फोन ठेवायची आणि तो सारखा थरथरायचा. एकाच मुलाचे मेसेज यायचे. कुठे आहेस. कुणाबरोबर आहेस. फोटो पाठव. उत्तर द्यायला उशीर झाला, की तिचा अंगठा माझ्या पानावर ओला व्हायचा.

माझ्यातला नायकही तसाच आहे. नायिका नको म्हणते, तरी रोज क्लासच्या फाटकाशी उभा राहतो. तिच्या फोनमधले मैत्रिणींचे नंबर पुसून टाकतो. ती घाबरते. आणि मग माझ्यात एक वाक्य येतं: 'या भीतीलाच प्रेम म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं.'

त्या वाक्याखालून मुलीने नख ओढलं. एकदा, मग पुन्हा. मला पान मिटून घ्यावंसं वाटलं. पण पुस्तकाला स्वतःहून मिटता येत नाही.

पुस्तक बदलायला आलेल्या मावशींना तिने हळूच विचारलं, "मावशी, असं खरंच असतं का?"

"नशीब लागतं बाळा, असा मिळायला," मावशी कौतुकाने म्हणाल्या. मुलीने मान हलवली आणि फोन उचलून उत्तर लिहायला घेतलं. माझ्या शिवणीपर्यंत गारठा गेला.

ती मला घरी घेऊन गेली. तिची मोठी बहीण केस कापायच्या दुकानात काम करते. आईवडील गावाला, म्हणून घर तीच सांभाळते. गादीखाली मी ताईला सापडले. तिने उभ्या उभ्या मला चाळलं, नखाच्या खुणेपाशी थांबली आणि खाली बसली.

त्या रविवारी वाचनालयात माझ्यावर गप्पांचा कार्यक्रम होता. लेखिका नवे कपडे घालून आली होती, ताई मुलीला आणि मला घेऊन. मावशींनी तोंड भरून कौतुक केलं, काकांनी चुका मोजून दाखवल्या. मग ताईने ते वाक्य मोठ्याने वाचलं.

लेखिका कावरीबावरी झाली. "अहो, गोष्ट आहे ती. मुलींना असं आवडतं."

"नुसतं आवडलं असतं तर काही म्हणणं नव्हतं," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीला ते पटलंय."

सगळे मुलीकडे बघायला लागले. ती खाली बघत म्हणाली, "तो आत्ता बाहेर उभा आहे."

लेखिका मला हातात घेऊन खिडकीशी गेली. फाटकाला टेकून एक मुलगा उभा होता, केस नीट विंचरलेले, दिसायला चांगला. त्याने फोन कानाला लावला आणि आत मुलीचा फोन वाजू लागला. थांबला, की पुन्हा वाजायचा. माझ्यावरची लेखिकेची बोटं गार पडली. "मी लिहिलाय तो अगदी असाच दिसतो," ती पुटपुटली. आमच्या दोघींपैकी जास्त कोण घाबरलं, ते मला सांगता येणार नाही.

ताई आणि काका बाहेर गेले. मुलगा आधी हसला, मग आवाज चढवून बोलला, शेवटी निघून गेला. जाताना वळून वळून खिडकीकडे बघत होता. मावशी मुलीजवळ सरकून बसल्या. "मी काहीतरीच बोलले गं तुला," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई आणि ग्रंथपालबाई मुलीबरोबर कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेल्या, तिथून पोलीस चौकीत. आता तो दिसत नाही. मुलगी अजून रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी दोन्हीकडे बघते.

मध्यंतरी लेखिकेने तिला विचारलं, "ते वाक्य मी खोडून टाकू का?"

"नको. मग मी कशाला फसले ते कुणाला कळणार?" मुलीने तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि वाक्याच्या खाली लिहिलं: 'मलाही भीती वाटत होती. ती नुसती भीतीच होती.' पुस्तकावर रेघोटी दिसली की दंड करणाऱ्या ग्रंथपालबाई तेव्हा कपाट पुसत राहिल्या.

आता मी पुन्हा फळीवर आहे, लोक मला नेतात. कुणाला मी गोड वाटते, कुणाला बाष्कळ. त्याचं मला काही वाटत नाही. धास्ती आहे ती माझ्या बहिणींची. माझ्याबरोबर छापलेल्या त्या सगळ्या कुणाकुणाच्या घरी, उशाखाली, दप्तरात आहेत आणि त्यांच्यात ते वाक्य एकटंच आहे. त्यांच्यातली एखादी तुमच्या मुलीच्या हातात दिसली, तर हिसकावून घेऊ नका. फक्त तिच्याशेजारी जाऊन बसा. माझ्या बहिणींना जे बोलता येत नाही, ते तुम्ही बोला.