एडनामावशीचं मत

मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे, मित्रांनो. ऑस्ट्रेलियातल्या मरिंगाल या दुधातुपाच्या गावी एका सुताराने रंधा मारून मारून मला घडवलं.

राज्याच्या वरच्या सभागृहाची निवडणूक आली की मी गावच्या हॉलमध्ये मांडली जाई. पण तिथे मताचा हक्क घरजमीनवाल्यांनाच. मोजकी माणसं येत. संध्याकाळी मी जवळजवळ उपाशीच. एरवी चर्चच्या केकची सोडत निघे, तेव्हा मात्र गावभरच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात. चिठ्ठीच्या मागे आपलं नाव लिहायचं आणि टाकायची.

हॉल झाडायची, मला मायेनं पुसायची ती एडनामावशी. भाड्याच्या खोलीत राहणारी. खालच्या सभागृहासाठी ती शाळेत जाऊन मत देई; इथे मात्र मतदान सुरू झालं की झाडू घेऊन बाहेर.

मग कायदा बदलला. एकोणीसशे बावन्न सालच्या हिवाळ्यात सगळ्याच सज्ञान माणसांना बोलावणं आलं. मावशी निळी टोपी घालून आली.

"मावशी, झाडू कुठंय?" मतदान अधिकारी लेन हसला. तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला तो.

"निजलाय घरी. आज मी पाहुणी आहे रे!"

ती आडोशाआड गेली, बऱ्याच वेळाने आली. कागद माझ्या फटीत सरकवला. पण दमट हवेने मी फुगले होते. कागद अर्ध्यातच अडकला. लेन वाकला आणि त्याचं हसू मावळलं. कागदाच्या मागे ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: एडना ट्रेगिअर.

"मावशी, नाव लिहिलंस? मत बाद होतं गं!"

"अगं, केकची सोडत वाटली का तुला?" मागून रांगेतली तिची शेजारीण आयव्ही म्हणाली.

मावशीचा चेहरा पडला. "इतकी वर्षं दाराबाहेर काढली... म्हटलं, माझं आहे हे कळू दे कुणाला तरी. गेलं का रे?"

मी कागद घट्ट धरून ठेवला. एवढंच माझ्या हाती होतं, मित्रांनो.

"आत पडला नाही अजून," लेन हळूच म्हणाला. "ओढ. दुसरा देतो."

तिने ओढला. लेनने तो रद्द केला. आडोशाआड जाऊन तिने नव्या कागदावर मत दिलं; या वेळी मागची बाजू बिननावाची, आणि तो माझ्यात अलगद उतरला. आयव्हीने मावशीचे डोळे पुसले, तिची टोपी नीट केली.

आज मी हॉलच्या फळीवर धूळ खाते. माझं एक ऐकाल? तुमच्या गावच्या पेटीपाशी कुणाचा हात चुकला तर हसू नका. जरा थांबा, आणि त्याला दुसरा कागद मिळू द्या.