खुर्चीतली पांढरी जागा

संपादकांना चित्रं दाखवायची रांग पुढे सरकली तरी तिला चित्रांच्या फोल्डरच्या फितीची गाठ सुटेना. नखांनी करून झालं. दातांनी सोडवायचा मोह झाला, पण गळ्यात नावाचं कार्ड अडकवून चारचौघांत ते बरं दिसलं नसतं. शेवटी तिने फीत तशीच कोपऱ्यावरून ओढून काढली आणि मनगटात अडकवली. रात्री तर तिने साधं फूल बांधलं होतं. पिशवीत ओढलं जाऊन घट्ट झालं असेल.

चित्रकार, लेखक, ॲनिमेशनवाले, गेम बनवणारे, सगळ्यांचं ते भलंमोठं संमेलन. नवरा वर्षानुवर्षं इथे यायचा. ती कधीच आली नव्हती. दोघं मिळून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत. ती खोल्या, जिने, रस्ते रंगवायची आणि जिथे माणूस येणार तिथे कागद कोरा सोडायची. त्या जागेत तो माणसं काढायचा. बाहेर जाऊन चार लोकांशी बोलायचं कामही त्याचंच. "तू भिंती सांभाळ, माणसं मी बघतो," असं तो म्हणायचा. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला.

तेव्हापासून नवं पुस्तक आलं नव्हतं. आपल्या एकटीच्या हाताला कोणी विचारतं का, हे तिला आज कळणार होतं. नाहीच विचारलं तर घरचं चित्रांचं टेबल कायमचं आवरायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला मात्र याचा पत्ता लागू दिला नव्हता.

सकाळपासून ती पार भांबावली होती. लोक आधी छातीवरचं कार्ड वाचत आणि मग चेहऱ्याकडे बघायचं की नाही ते ठरवत. गडबडीत ती गेममधल्या स्फोटांच्या आवाजांवरच्या व्याख्यानात जाऊन बसली, आणि मधेच उठलं तर बोलणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून शेवटपर्यंत बसून राहिली. वर टाळ्याही वाजवल्या.

तिचा नंबर आला. टेबलापलीकडे मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संपादकबाई होत्या. चष्मा केसांत, समोर गार झालेला चहा.

"बसा. दमलात का?"

"पहिल्यांदाच आलेय."

"मी दरवर्षी येते आणि दरवर्षी हरवते. दाखवा."

बाई एकेक चित्र उलटू लागल्या. या वर्षभरात तिने माणसंही स्वतःच काढून पाहिली होती.

"खोल्या सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "माणसं मात्र परक्या घरी आल्यासारखी उभी आहेत. बसा म्हटलं तरी बसणार नाहीत."

तिचे कान तापले. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. बाईंनी पुढचा कागद उलटला आणि तो ओढून घ्यायला ती पुढे झुकली.

"हे चुकून आलंय. अर्धवट आहे," ती घाईने म्हणाली. पण बाईंनी कागदावर हात ठेवला होता.

संध्याकाळचं स्वयंपाकघर. टेबल, जरा मागे सरकवलेली खुर्ची, आणि खुर्चीत माणसाच्या आकाराची पांढरी जागा. खिडकीतला उजेड भिंतीवरून येऊन त्या कोऱ्या खांद्यापाशी थांबला होता. हे चित्र चालू असतानाच नवऱ्याला झटका आला होता.

"इथे कोण आहे?"

"माणसं माझा नवरा काढायचा. त्याच्यासाठी ही जागा सोडली होती. आता त्याचा हात चालत नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्याकडे एका मुलीची गोष्ट आहे. तिचे आजोबा गेलेत, पण घरभर तिला ते दिसतात. तिघांकडून चित्रं काढून घेतली. तिघांनीही भूत काढलं." त्या किंचित हसल्या. "तुम्ही काढूच नका. अशीच जागा सोडाल? सगळ्या पानांवर?"

ज्या कामासाठी ती आली होती ते समोर ठेवलेलं होतं आणि तिला हो म्हणवेना. आजवर तिने सोडलेली प्रत्येक जागा नवरा भरायचा; या जागा कोणीच भरणार नव्हतं.

"घरी विचारून सांगते."

"विचारा. मी आहे इथेच."

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"मिळालं?" नवऱ्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"मिळेल. पण तुझी जागा कोरीच ठेवायची म्हणतात. पुस्तकभर. गोष्टीत आजोबा वारलेत."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"मग त्या जागेच्या आकारासाठी समोर बसवायला कोणीतरी लागेलच ना तुला. मी बसतो. खुर्चीत बसून राहणं आता मला चांगलं जमतं."

तिला हसू आलं आणि रडूही.

"कोणतं चित्र आवडलं त्यांना?"

"ते स्वयंपाकघराचं. माझ्याकडून चुकून आलं होतं."

"चुकून कसं येईल? रात्री तू झोपल्यावर कपाटाच्या तळातून शोधून मी घातलंय ते. आणि नंतर ती फीत डाव्या हाताने बांधता बांधता नाकी नऊ आले. सुटली ना गं नीट?"

तिने मनगटाकडे पाहिलं. एकावर एक बसलेल्या वेड्यावाकड्या गाठी, एक टोक लांब, एक तोकडं.

"लगेच सुटली," ती म्हणाली, आणि फीत हातात तशीच ठेवून आत गेली.