एक मीटर कमी

मित्रांनो, मी एक जुना कापडी टेप आहे. चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला, तीस मीटर लांबीचा. खरं सांगायचं तर एकोणतीस. त्या एका मीटरचीच ही गोष्ट आहे.

शहरात नवीन वसाहत उभी राहायची असेल, की आधी आमच्या कार्यालयाची माणसं त्या जागेवर जायची. विजेची तार किती जवळ आहे, आगीचा बंब आत वळेल का, नाल्याचं पाणी कुठवर चढतं, हे सगळं तपासायचं. मोजणीच्या प्रमुख बाई आकडे वाचून वहीत लिहायच्या. मामा माझ्या टोकाची पितळी कडी धरून काट्याकुट्यांत उभे राहायचे. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण अख्खं कार्यालय त्यांना मामाच म्हणायचं. काम झालं, की ते ओल्या फडक्याने मला पुसत पुसत गुंडाळायचे. इतकं माझं कुणी केलं नाही.

एकदा खोदकामाचं यंत्र माझ्यावरून गेलं आणि माझा पहिला मीटर फाटून गेला. मला वाटलं, संपलं आपलं. बाईंनी नव्या टेपसाठी अर्ज केला. तो कुठल्या टेबलावर अडकला देव जाणे. मामांनी मात्र उरलेल्या टोकाला दुमड घातली, मेणाच्या दोऱ्याने कडी पुन्हा शिवली आणि म्हणाले, "एक मीटर गेला तर गेला. आकडा वाचायचा आणि त्यातून एक वजा करायचा. चालतंय की."

तेव्हापासून रीतच पडली. बाई आकडा वाचायच्या, लांबून मामा ओरडायचे, "एक वजा." बाई म्हणायच्या, "केला." मग लिहायच्या. सात वर्षं आमचं असं चाललं. नवीन माणसं हसायची, पण एकही आकडा चुकला नाही. मामा सगळ्यांना माझी शिवण दाखवायचे आणि मी फुशारून जायचो.

मग मामांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. मामा वाचले, आवाज गेला. ते गळ्यात लिहायची पाटी अडकवून कामावर यायला लागले. त्याच महिन्यात बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी यादी केली, त्यात माझ्याबद्दल एवढंच होतं: कापडी टेप, नग एक, चालू स्थितीत. शिवणीबद्दल लिहायचं कुणाला सुचलंच नाही, इतकी आम्हाला तिची सवय झाली होती.

नवे साहेब आले. पहिलंच काम टेकडीखालच्या वसाहतीचं. त्या उतारावरची माती भुसभुशीत, म्हणून पायथ्यापासून घराच्या भिंतीपर्यंत निदान नऊ मीटर जागा मोकळी हवी, असा नियम होता. मामा पायथ्याच्या खुंटीशी झुडपांत उभे राहिले. साहेब भिंतीच्या आखणीपाशी. माझ्यावर आकडा आला नऊ. मामांनी हात उंच करून एक बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, मामा म्हणताहेत एक नंबर. त्यांनी हसून अंगठा दाखवला आणि लिहिलं, नऊ मीटर, सुरक्षित.

मामांना वाटलं, साहेबांना कळलं. पाटी गळ्यात होती, पण काट्यांतून तिथवर कोण जाणार, म्हणून राहून गेलं. मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण माझ्या अंगावर आकडे आहेत, तोंड नाही.

इमारती झाल्या. मामांच्या मुलीने तळमजल्यावर मागच्या बाजूचं घर घेतलं. सामान हलवायच्या आदल्या दिवशी ती कार्यालयात आली.

"बाबा, टेकडी फार जवळ वाटते हो. भीती नाही ना?"

मामांनी पाटीवर लिहिलं, "मी स्वतः टेप धरला होता. बिनधास्त जा."

ती हसली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तिने लिहिलं, "बरं." पुढे मामा तेवढा कोपरा सोडून बाकीची पाटी पुसायचे.

दुसऱ्या वर्षीच्या पावसात, भर दुपारी, टेकडीचा उतार खाली आला. बाकीची माणसं पुढच्या दाराने बाहेर पडली. मामांची मुलगी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंत तिच्यावर पडली. ती गेली.

चौथ्या दिवशी चौकशीसाठी मला तिथे नेलं. मामांनी यायला नको होतं, पण ते आले. चिखल उपसून पायथ्याची जुनी खुंटी शोधली आणि मामांनी तिथे कडी धरली. साहेबांनी पडक्या भिंतीशी आकडा वाचला.

"नऊ. नियमात आहे हो मामा, आपलं काही चुकलं नाही."

मामांनी एक बोट वर केलं.

"एक काय, मामा?"

मामा कडी हातात घेऊनच चिखलातून चालत आले. पाटी पुढे धरली. त्यावर लिहिलं होतं, "एक वजा. केला होता ना?"

साहेबांनी कडी हातात घेऊन तिच्यालगतचा पहिला आकडा वाचला. त्यांनी माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तिथेच चिखलात बसले. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. त्यांच्या गळ्यातून नुसती हवा बाहेर आली. तसं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि देव करो, पुन्हा दिसू नये.

नंतर नवीन टेप आणला. भिंत आठ मीटरवर होती. माती साडेआठवर थांबली होती.

आता मी चौकशीच्या कपाटात एका पिशवीत आहे. बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी उलटं सांगतो. मला त्याच दिवशी टाकायला हवं होतं. मामांची माया मला आवडली, पण ती मला झेपली नाही. तुमच्याकडे असं काही मोडकं "चालतंय की" म्हणून ठेवलेलं असेल, तर ते आजच बदला. आणि बदलेपर्यंत, येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्याची खोड सांगा. जवळ जाऊन सांगा, लिहून सांगा, त्याला कळलं का ते विचारा.

मामांची मुलगी सत्तावीस वर्षांची होती. त्या पाटीवरचं "बरं" मामांनी अजून पुसलेलं नाही. ते आता दुसरी पाटी वापरतात.