नसलेला पहिला इंच

दार येऊन तीन दिवस झाले होते. चौकटीसकट, बिजागऱ्यांसकट, कोपऱ्यांना पुठ्ठे लावलेलं ते तयार दार आईच्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं. दुपारचं ऊन त्यावर सरकत आलं की, कुठेच उघडत नसूनही ते हळूच उघडतंय असं लेकीला वाटे.

दाराची जागा समोरच होती. आईची खोली आणि बाबांची कामाची खोली यांच्यामध्ये लाकडी सांगाड्याची, वरून फळ्या मारलेली भिंत. खोकला वाढला तसे बाबा कामाच्या खोलीत झोपायला गेले. पॅसेजमधून वळसा घालून आईच्या गुडघ्यांचे हाल होत होते, म्हणून त्यांनी स्वतःच भिंत कापली, खिडकीकडे आणि कपाटाकडे अशा दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे वासे ठोकले, आतल्या उभ्यांवर आडवं लाकूड टेकवलं, आणि दार मागवायच्या आधीच गेले. पाच महिने तिथे एक चादर लटकत होती. वारा आला की ती श्वास घेतल्यासारखी फुगे.

"दार बसव बाई एकदाचं," आई म्हणे. "नुसती मोकळी जागा असली की डोळे तिकडेच जातात. रिकामी खाट दिसते. दार असलं, बंद असलं, की निदान वाटेल, पलीकडे झोपलेत."

म्हणून लेकीने दार मागवलं होतं. आणि तिथेच घोळ झाला.

कपाटाकडच्या आतल्या उभ्यावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : ३५. पाचरी मारायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडायचा, हे तिला लहानपणापासून पाठ. तिने चौतीस इंची चौकट सांगितली. बाबांच्या टेपचं टोक मोडलेलं आहे, हे मात्र ती विसरली. पहिला इंच कधीच गळून पडला होता. बाबा एकच्या खुणेपासून मोजत, टेप सांगेल तेच लिहीत, आणि वजाबाकी डोक्यात ठेवत. लहानपणी त्याच टेपने मोजलेली तिची उंची जुन्या, पुढे विकलेल्या कपाटाच्या आत लिहिलेली होती. शाळेत पहिल्यांदा मोजली तेव्हा ती सगळ्यांसमोर इंचभर खुजी झाली होती. हे सगळं ठाऊक असून ती फसली. जागा होती चौतीस. दारही चौतीस.

"अगदी बरोब्बर आहे की मग," आई म्हणाली.

"बरोब्बर आहे तेच वाईट, वहिनी," ओळंबेकाका म्हणाले. बाबांबरोबर तीस वर्षं सुतारकाम केलेला हा माणूस इतका सरळ उभा राही, की बाबांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. "दार भिंतीत अडकवायचं नसतं, पाचरींवर तोलायचं असतं. त्याला हलायला जागा नको? तुमच्या लेकीने बापाचा हिशेब घेतला, बापाचं डोकं नाही घेतलं."

"डोकं आईचं आहे तिला," आई म्हणाली.

"तरीच!"

तिघंही हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग तिघांनीही चादरीकडे पाहिलं.

काकांनी ओळंबा सोडला. दोरा डुलत डुलत थांबला. "उभे कसे सुतात आहेत बघ. खोकत होता, तरी केसाचा फरक नाही." त्यांनी टोपी मागे सरकवली. "सोपं आहे. या भिंतीवर वरचं ओझं नाही. एक आतला उभा काढायचा, दीड इंचाचा. त्या जागी अर्ध्या इंचाची फळी मारायची. इंच सुटला."

"कुठला उभा?"

"वजन बिजागऱ्यांकडे, म्हणजे खिडकीकडे. तिकडचा जाडच हवा. हा कपाटाकडचा काढू."

तिचं बोट त्या ३५वर गेलं. बाबांनी जन्मात कुणाला पत्र लिहिलं नाही. त्यांचं अक्षर असायचं ते लाकडावर, आणि ते लाकूड लोकांच्या घरी जायचं. या घरात ही एवढीच पेन्सिल उरली होती.

काकांना कळलं असावं. ते पटाशी धुंडाळत बसले, जी त्यांच्या हातातच होती.

"काढा, काका," ती शेवटी म्हणाली. "आईला दार हवंय."

तिने चादर उतरवली. खिळे कुठे आहेत ते पाहायला ती जमिनीवर बसली. ऊन आता खाली, तिरपं आलं होतं. त्यात लाकडाची धूळ सावकाश तरंगत होती, जणू बाबांनी करवत आत्ताच खाली ठेवली असावी. आणि गुडघ्याच्या उंचीवर, चादरीच्या घडीमागे इतके दिवस झाकलेली, एक बारीक ओळ होती. दमून स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल, तिथे.

"दार माझ्या खोलीत उघडावं. हिला नुसतं ढकलता आलं पाहिजे."

तिने मोठ्याने वाचलं. आईने आपल्या बोटांचे सुजलेले सांधे पदराखाली घेतले. मूठ ओढणं त्या बोटांना कधीचंच जमत नव्हतं. तिच्याच खोलीत, ओढून उघडणारं दार मागवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

काका बराच वेळ आपले दोन तळवे दाराच्या झडपांसारखे धरून फिरवत राहिले.

"त्याच्या खोलीत उघडायचं, तर चौकट फिरवून पलीकडून बसवावी लागेल," ते सावकाश म्हणाले. "फिरवली की बिजागऱ्या येतात कपाटाकडे. म्हणजे हा उभा जाड हवा." त्यांनी पटाशी उचलली आणि ते खिडकीकडे गेले. "काढायचा तो हा. मेला तरी ऐकवतोच आहे मला."

संध्याकाळपर्यंत दार बसलं. कपाटाकडे काकांनी पाचरी जपून मारल्या : एक जोडी आकड्याच्या वर, एक त्या ओळीच्या खाली. मग फट झाकणारी पट्टी ठोकली, आणि बाबांचं अक्षर त्या अर्ध्या इंचाच्या अंधारात राहिलं.

आईने कोपराने ढकललं. दार आवाज न करता पलीकडे गेलं. तिने खाटेवरची चादर नीट केली, उशी सारखी केली, आणि परत आली.

"आता लाव," ती लेकीला म्हणाली. "हळू लाव. जाग येईल."