पाठीमागचं उत्तर

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "नाकातून नळी घालायची की घरी नेताय? संध्याकाळपर्यंत सांगा." जसं काही मला चहा की कॉफी एवढंच ठरवायचं होतं! आईला आता गिळता येत नाही, बोलता येत नाही. भावाला फोन केला तर म्हणाला, "ताई, तू मोठी, तू म्हणशील तसं." झालं! याचे हात वर.

मी शिलाईचं दुकान चालवते. लोकांच्या नव्याकोऱ्या पँटला कात्री लावताना मी दोनदा विचार करत नाही. पण हे काही ठरवता येईना. आईला बोलता आलं असतं, तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता. तिचं कधी काही अडलंच नाही.

म्हणून दुपारी घरी जाऊन तिच्या कपाटातला पत्रांचा डबा काढला. आजीच्या आईनंही असंच अंथरूण धरलं होतं, आणि आजीनं तेव्हा पत्रातून माझ्या आईचा सल्ला मागितला होता, एवढं मला ठाऊक होतं. आईचं ते उत्तर सापडलं की सुटले, असं वाटलं.

पण आमच्या घरातल्या बायका भारी काटकसरी. पत्राचं उत्तर त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून परत पाठवायचं. म्हणजे आजीनं विचारलेलं आणि आईनं सांगितलेलं सगळं आजीकडेच गेलं, आणि मामीनं ते केव्हाच रद्दीत घातलं. इथे उरले नुसते आईचे प्रश्न आणि मागे आजीची उत्तरं. मी डोक्याला हात लावून बसले.

तरी वाचत गेले. जिला सगळं येतं ती माझी आई पानापानावर रडत होती. "आई, पोर रात्रभर किंचाळते. दूध घेत नाही. मला काही सुचत नाही गं." ती पोर म्हणजे मीच. मागे आजीचं वाकडंतिकडं अक्षर: "तुझ्या वेळी मलाही काही सुचलं नव्हतं. सुचेपर्यंत उचलून घे."

एवढंच? आधी रागच आला. मग रडू आलं.

संध्याकाळी दवाखान्यात परतले, तर डॉक्टर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. माझं अजून काहीच ठरलं नव्हतं. मी पलंगावर चढले, आईच्या पाठीखाली हात घातला आणि तिला छातीशी धरलं. किती हलकी झाली होती माझी आई! डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "बाई, काय करायचं?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "आईला घेतलंय."