मुंडी तुटेपर्यंत

सकाळी आठच्या सुमारास गॅरेजच्या अर्ध्या उघडलेल्या शटरखालून ऊन आत येई. त्याला कसलीही घाई नसे. आधी ते उंबऱ्यापाशी सांडलेल्या तेलाच्या डागावर रेंगाळे आणि त्या काळपट डागात क्षणभर मोरपंखी रंग उमटवी. मग फरशीच्या भेगेवरून सरकत जॅकच्या चाकाशी पोहोचे, तिथून कामाच्या टेबलाचा पाय चढे, आणि शेवटी भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेल्या पान्यांवर जाऊन विसावे. त्यात नवे काहीच नव्हते. तेच ऊन, तेच पाने, तीच तरंगणारी धूळ. तरीही मिस्त्री रोज हातात चहाचा पेला घेऊन ते सारे पाहत उभे राहत. गेल्या वर्षापासून ते पेला दोन्ही हातांनी धरू लागले होते. कोणी विचारलेच तर म्हणत, “हात गार पडतात हो.” भर उन्हाळ्यातही उत्तर हेच.

त्या दिवशी उन्हापाठोपाठ सिस्टर आल्या. चाळीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. पण गल्लीत अजून त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांची करडी गाडी दोघे शेजारी सरळ गल्लीतून ढकलत घेऊन आले होते.

“मिस्त्री, स्टिअरिंगच्या कुलपात किल्ली फिरतच नाही. पंधरा मिनिटं मनधरणी केली तिची. एवढी तर कुठल्या पेशंटचीही केली नव्हती!”

“पेशंट पळून जायचे असतील, सिस्टर,” टेबलामागून मिस्त्रींची बायको म्हणाली. मुलगी सासरी गेल्यापासून ती गॅरेजात येऊन बसे. आधी फोन घ्यायला, मग हत्यारे हातात द्यायला, आणि हळूहळू निम्मी कामे करायलाही. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी ते कधी सांगितले नव्हते.

कुलूप बदलायचे ठरले. बॅटरीची तार काढून मिस्त्री स्टिअरिंगखाली आडवे झाले. प्लास्टिकचे झाकण उतरले आणि दोन बोल्ट दिसले. गुळगुळीत, गोल, बिनमुंडीचे. हे बोल्ट आवळत नेले की मुंडी आपोआप तुटून पडते. मग पाना लागायला जागाच उरत नाही, आणि चोराला कुलूप सहजासहजी उतरवता येत नाही. गॅरेजात त्यांना ‘मुंडीतोड’ म्हणत. ते काढायचे म्हणजे कडेला छिन्नी तिरकी लावून, हलक्या हाताने ठोकत ठोकत उलटे फिरवायचे. सगळा खेळ स्थिर हाताचा.

पहिल्या ठोक्याला छिन्नी घसरली. दुसऱ्या ठोक्याला घसरली ती शेजारच्या धातूवर लांब ओरखडा काढूनच थांबली.

“अंधार आहे इथं,” मिस्त्री पुटपुटले.

“मग तुम्ही टॉर्च धरा,” बायको म्हणाली. “सरका, मी बघते.”

“अगं, हे तुझं काम नव्हे.”

“बरं, नसू दे. सरका तर खरं!”

मिस्त्रींनी टॉर्च धरला. त्याचा उजेड बोल्टवर पडला आणि तिथेच नाचू लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दारात उभ्या असलेल्या सिस्टरांनी ते पाहिले. पुढे होऊन त्यांनी टॉर्च हळूच आपल्या हातात घेतला, इतकेच.

टुक. टुक. टुक. बोल्ट केसभर हलला, मग नखभर, आणि मग बायकोने तो बोटांनीच फिरवून बाहेर काढला. दुसराही मागोमाग आला. “या बाळंतपणाला वेळ नाही लागला!” सिस्टर म्हणाल्या, आणि तिघेही हसली.

नव्या कुलपाच्या खोक्यात दोन नवे मुंडीतोड होते. मिस्त्रींनी ते बाजूला सारले आणि खणातून दोन साधे बोल्ट काढले.

“हे लाव. पुढच्या वेळी सोपं जातं.”

“कुणाला सोपं? चोराला?” बायकोचा स्वर बदलला. “साधा पाना लावला की दोन मिनिटांत कुलूप खाली. वर्षभर बघतेय मी, चार गाड्यांना तुम्ही असंच केलंत. मला वाटायचं, बोल्ट मिळत नसतील.”

“झाकणाखाली कोण बघतंय?”

मिस्त्रींनी हात खिशात घातले.

“मिस्त्री,” सिस्टर म्हणाल्या, “माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सुई धरताना माझी बोटं हलायला लागली. महिनाभर मी ते लपवलं. एकदा एका आजोबांना तीनदा टोचलं, आणि त्यांना म्हणाले, ‘तुमची शीरच सापडत नाही.’ दोष त्यांच्या शिरेवर ढकलला! त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी सुई धाकट्या सिस्टरच्या हातात दिली आणि शेजारी उभी राहून तिला शीर दाखवली. माझी विद्या कुठं गेली नव्हती हो! फक्त हात बदलला होता.”

मिस्त्रींनी साधे बोल्ट खणात टाकले आणि खण पायाने लोटून दिला.

“आधी हाताने नुसते अडकव,” ते बायकोला म्हणाले. “किल्ली चारदा फिरवून बघ. स्टिअरिंग अडकतं का, सुटतं का. मुंडी तुटल्यावर माघार नाही.”

चारदा किल्ली फिरली. चारदा कुलूप लागले, चारदा सुटले.

“आता आवळ. अजून. घाबरू नकोस. अजून!”

टक्! मुंडी तुटून फरशीवर पडली आणि गडगडत सिस्टरांच्या चपलेशी गेली.

“अगं बाई, मोडलं!” सिस्टर दचकल्या.

“मोडलं नाही, झालं!” मिस्त्री ओरडले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच असे मोकळे हसले, की रस्त्यावरचा एक माणूस वाकून आत पाहू लागला. “सिस्टर, हे काम माझ्या बायकोचं. गल्लीभर सांगा!”

“सांगते की! आणि तुम्ही हो, ओरडून शिकवता छान.”

“छान? घसा बसलाय माझा नुसतं ऐकून,” बायको म्हणाली, पण तिच्या कपाळावर काळा डाग आणि डोळ्यांत केवढा आनंद होता!

वाचकहो, झाकणाखाली कोण बघतंय, असे आपणही आपल्या कचेरीत, घरात, दुकानात किती सहज म्हणतो! शरीर थकण्यात कमीपणा नाही. तो थकवा लपवण्यासाठी दुसऱ्याची सुरक्षितता पणाला लावण्यात मात्र नक्कीच आहे. ज्याने आपले उणेपण वेळीच कबूल केले, त्याची विद्या दुसऱ्याच्या हातांतून पुढे चालू राहते.

सिस्टरांची गाडी वळणापलीकडे गेली. मिस्त्रींनी वही काढली, त्या चार गाड्यांच्या मालकांचे नंबर शोधले आणि पहिला फोन लावला.

“साहेब, तुमच्या गाडीचं स्टिअरिंगचं कुलूप मी साध्या बोल्टांवर बसवलंय. ते चूक आहे. उद्या गाडी आणा, बदलून देतो.”

“अहो, पण तुम्ही तर एवढे जुने, जाणते मिस्त्री,” पलीकडचा आवाज म्हणाला. “तुमच्याकडून असं कसं झालं?”

मिस्त्रींनी एकदा बायकोकडे पाहिले.

“माझा हात थरथरतो,” ते म्हणाले.